वाचक विचारतात : मालिका सोडवत नाही आणि पुरती पटतही नाही

गेल्या अंकात ‘कॉल द मिडवाइफ’ या ब्रिटिश मालिकेवर एक छोटे टिपण छापले होते. पूर्व लंडनमधील पॉपलर या गोदीकामगारांच्या वस्तीत, अँग्लिकन नन चालवत असलेल्या एका घरात राहून, सायकलीवरून घरोघरी बाळंतपणे करायला जाणाऱ्या परिचारिकांची ही कथा आहे. बीबीसीवर ती १५ जानेवारी २०१२ रोजी सुरू झाली तेव्हा कथेतील साल १९५७ होते. २०२५ मध्ये चौदावे पर्व आले तेव्हा कथा १९७० मध्ये पोहोचली होती. या टिपणाच्या शेवटी वाचकांची मते मागवली होती. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत प्रेम आणि तक्रार एकाच परिच्छेदात नांदताना दिसतात, त्यामुळे या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी १९७८ पासून परभणी जिल्ह्यात उपकेंद्रावर एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) होते, आता सेवानिवृत्त आहे. लेकीने ही मालिका लावून दिली आणि ती शेजारी बसून अर्थ सांगते. पहिल्या भागापासून माझे डोळे भरून येतात, आणि तासाभराने रागही येतो. तिथल्या नर्सबाईंची सायकल चिखलात रुतत नाही, कॉलरला डाग पडत नाही, आणि भाग संपता संपता बाळ रडते, आई हसते, सगळ्यांना चहा मिळतो. आम्ही रात्री बैलगाडीने ओढा ओलांडून जायचो तेव्हा कधी कधी सगळे आधीच संपलेले असायचे. मला ही मालिका आवडते की नाही, हेच मला सांगता येत नाही. (सेवानिवृत्त आरोग्यसेविका, जिंतूर)

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि त्यांतील एक खोडून दुसरी ठेवण्याची काही गरज नाही, मात्र त्या मालिकेतील दोन वेगवेगळ्या गोष्टींमुळे उपजतात, त्या अलग करून पाहता येतील.

डोळे भरून येतात ते कामामुळे. बायकांचे काम इतक्या बारकाईने आणि इतक्या आदराने दाखवणाऱ्या मालिका कोणत्याही भाषेत फार नाहीत. उकळून घेतलेली कात्री, एनॅमलचे भांडे, पोटाला नळकांडे लावून ठोके ऐकताना थांबवलेला श्वास, कळ आली की बदलणारा आवाज, डोके दिसू लागल्यावर आता जोर लावू नकोस म्हणून दिलेली ताकीद, हे ज्यांनी केले आहे त्यांना त्यातील खरेपणा ओळखायला भाषा लागत नाही. पहिल्या पर्वांचा आधार जेनिफर वर्थ यांच्या आठवणींचा आहे. त्या स्वतः १९५० च्या दशकात याच भागात परिचारिका होत्या, आणि मालिका पडद्यावर येण्याच्या काही महिने आधी, मे २०११ मध्ये, त्यांचे निधन झाले. हाताने केलेल्या कामाची स्मृती त्या लिखाणातून पटकथेत उतरली आहे आणि आपल्याला ती नेमकी तिथेच भेटते.

राग येतो तो घडणीमुळे. रविवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावी म्हणून बेतलेली ही तासाभराची गोष्ट आहे, आणि तासाच्या शेवटी प्रेक्षकाला निश्चिंत करून झोपायला पाठवणे हे तिने स्वतःवर घेतलेले बंधन आहे. तिथेही मृत मुले जन्मतात, आया दगावतात. ‘वर्कहाउस’ नावाच्या अनाथ-निराधारांच्या सरकारी कोंडवाड्यात पोटची मुले गमावलेल्या वृद्ध बाईची पहिल्या पर्वातील गोष्ट तर कोणत्याही अर्थाने गोड नाही. परंतु अशा प्रत्येक प्रसंगानंतर निवेदिकेचा प्रौढ, समजूतदार आवाज येतो आणि दुःखावर हळुवार हात फिरवतो. आपल्याला सलतो तो हा हात, असे मला वाटते. ओढा ओलांडून परत येताना आपल्या कानाशी असे कोणी बोलत नव्हते.

आणखी एक गोष्ट मात्र मालिकेच्या बाजूने सांगायला हवी. तिथल्या परिचारिकांचा निर्धास्तपणा संपूर्णपणे पटकथाकाराने दिलेला नाही. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि गर्भवतीची तपासणी, घरचे बाळंतपण, रुग्णालय, रुग्णवाहिका हे सगळे विनामूल्य झाले. घरी अडलेल्या बाईसाठी डॉक्टर आणि रक्त घेऊन धावणारे पथक कोपऱ्यावरच्या टेलिफोनवरून बोलावता येत असे. आपल्याकडे पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, हा सपाट प्रदेशासाठीचा निकष कागदावर होता. त्या उपकेंद्राला इमारत असेलच, आणि इमारत असली तर वीज असेलच, असे नव्हते. त्यामुळे ती निश्चिंतता पाहून आपल्याला येणाऱ्या रागाचा काही भाग मालिकेच्या खात्यावर न टाकता आपल्या व्यवस्थेच्या खात्यावर टाकला पाहिजे.

आपण पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलेले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, ते असे की तिथल्या नर्सला टार्गेट नाही. कुटुंबनियोजनाच्या केसेस पूर्ण झाल्या का, या एका प्रश्नावर आणीबाणीच्या काळात आणि नंतरही कित्येक वर्षे आरोग्यसेविकांची किंमत ठरवली गेली; वरून उद्दिष्टे लादण्याची ती पद्धत केंद्र सरकारने अधिकृतपणे मागे घेतली ती १९९६ मध्ये. ज्या बाईचे बाळंतपण केले तिच्याच दारात महिन्याभराने शस्त्रक्रियेसाठी मन वळवायला जाणे, आणि तिच्या सासूने दार लावून घेणे, हा अनुभव पॉपलरमध्ये मिळणार नाही. नवजात बाळांच्या धनुर्वाताचेही तसेच. विळ्याने कापलेली नाळ आणि तिच्यावर लावलेली राख यांनी आठवड्याभरात नेलेली मुले आपल्या पिढीने पाहिली, आणि त्या रोगाचे देशातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०१५ मध्ये झाली त्यामागे आपल्यासारख्यांनी दंडात टोचलेल्या इंजेक्शनांचा वाटा होता. आपल्या सेवेच्या मध्यावर, १९९२-९३ च्या पाहणीत, भारतातील साधारण २६ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत होत होती. २०१९-२१ मध्ये तो आकडा ८८.६ टक्क्यांवर गेला. म्हणजे आपल्या वहीतही एक संपून गेलेला काळ आहे. लेकीला अर्थ सांगायला लावता तसे कधी मालिका मध्येच थांबवून आपण तिला आपला अर्थ सांगावा आणि तिने तो लिहून घ्यावा, एवढी सूचना करतो.

प्रश्न : पहिली तीन पर्वे अप्रतिम आहेत, मग नायिका निघून जाते तरी मालिका चालूच राहते. आमच्या वसतिगृहात यावर वाद होतो. लोकांचे प्रेम आहे म्हणून एखादी गोष्ट किती ताणावी? यांनी वेळेवर थांबायला नको होते का? (पत्रकारितेचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : तुमची तक्रार अर्धी योग्य आहे. जेनी ली हे पात्र २०१४ मध्ये, तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस मालिकेतून गेले आणि त्याच सुमारास मूळ आठवणींतील ऐवजही संपत आला होता. त्यानंतरचे बहुतेक सारे लेखिका हायडी थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेले आहे. निवेदन मात्र आजही प्रौढ जेनीच्याच, म्हणजे व्हनेसा रेडग्रेव्ह यांच्या आवाजात चालते, आणि जी बाई तिथे हजरच नाही ती तिथल्या खोल्यांत काय घडले ते कसे सांगते हा प्रश्न विचारायचा नसतो, असा प्रेक्षक आणि मालिका यांच्यात मूक करार झालेला दिसतो. आठवणींचे पाणी आटल्यावर रहाट फिरत राहावा तसे काही पर्वांत झाले आहे, हे मान्य. कुणाचे लग्न, कुणाचा घटस्फोट, नाताळच्या विशेष भागातील हमखास बर्फ, या गोष्टी वाढल्या.

तरीही ही मालिका केवळ प्रेमावर ताणलेली आहे असे मी म्हणणार नाही, आणि त्यासाठी एक तुलना उपयोगी पडेल. ‘हार्टबीट’ नावाची दुसरी ब्रिटिश मालिका यॉर्कशरमधील एका खेड्यातील पोलिसांवर होती. १९९२ ते २०१० अशी १८ वर्षे ती चालली, ३७२ भाग झाले, आणि एवढ्या काळात तिचे घड्याळ १९६० च्या दशकातून बाहेर पडलेच नाही. जुन्या गाड्या, जुनी गाणी, हिरवी कुरणे. नट म्हातारे होत गेले, साल मात्र जेमतेम सरकले. लोकांनी तीही आवडीने पाहिली, पण तिथे भूतकाळ हा एक सुंदर पडदा होता आणि त्याच्यापुढे कोणतीही गोष्ट उभी करता येत होती. ‘कॉल द मिडवाइफ’ने पहिल्यापासून दुसरा नियम पाळला. प्रेक्षकाचे एक वर्ष म्हणजे कथेचेही एक वर्ष. २०१२ ते २०२५ ही तेरा वर्षे आणि १९५७ ते १९७० ही तेरा वर्षे अशी नेमकी जुळतात. त्यामुळे १९६२-६३ चा विक्रमी हिवाळा आला, गर्भनिरोधक गोळी आली, जमैकातून आलेली परिचारिका आली, गर्भपाताचा १९६७ चा कायदा आला, पॉपलरलगतची ईस्ट इंडिया गोदी त्याच वर्षी बंद झाली आणि जिच्यावर ती वस्ती जगत होती तो रोजगारच उठू लागला.

या नियमाचा शेवटचा परिणाम सर्वांत रंजक आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथली सुमारे एक तृतीयांश बाळंतपणे घरी होत. १९७० मध्ये प्रसूतिसेवेचा विचार करणाऱ्या सरकारी पील समितीने सर्वच बाळंतिणींची सोय रुग्णालयात व्हावी अशी शिफारस केली, आणि मालिकेचे घड्याळ २०२५ च्या पर्वात त्याच वर्षाला येऊन भिडले. सायकल, पिशवी आणि रात्रीचा टेलिफोन यांवर जी मालिका उभी आहे, तिला स्वतःच्याच नियमाने त्यांचा अस्त दाखवावा लागणार. तिसऱ्या पर्वानंतर ती थांबली असती तर अधिक देखणी राहिली असती. परंतु आपला विषय संपताना पाहण्याची संधी तिला मिळाली नसती. वसतिगृहातील वादात तुम्ही कोणत्या बाजूला आहात हे कळवले नाहीत, पण मी थोडासा दुसऱ्या बाजूला आहे.

प्रश्न : मी इतिहास शिकवतो. १९६० मधील माणसांच्या तोंडी आजचे विचार घालणे ही माझ्या मते या मालिकेची मूळ खोट आहे. वर्णभेद, समलैंगिकता, अविवाहित मातृत्व, या साऱ्यांवर त्या नन आजच्या सुशिक्षित माणसासारख्या बोलतात. हे स्मरणरंजन इतिहासाला घातक नाही का? (प्राध्यापक, लातूर)

उत्तर : घातक हा शब्द मला जड वाटतो, पण आपण दाखवलेली खोट खरी आहे आणि ती उत्तरोत्तर वाढत गेली आहे. माझा आक्षेप थोडा वेगळ्या जागी आहे. त्या काळातही उदार मनाची माणसे होती. ती नसती तर १९६७ मध्ये ब्रिटिश संसदेने समलैंगिकतेबाबतचा कायदा बदललाच नसता. अडचण अशी की मालिकेत योग्य मते गणवेशातल्या आवडत्या माणसांकडे जातात, आणि चुकीची मते एका भागापुरत्या येणाऱ्या शेजाऱ्यांकडे, घरमालकांकडे किंवा वरिष्ठ डॉक्टरांकडे. ती माणसे पुढच्या रविवारी दिसत नाहीत. त्यामुळे पूर्वग्रह ही नेहमी दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट होऊन बसते, आणि प्रेक्षक आपोआप चांगल्यांच्या रांगेत उभा राहतो.

ज्या एका कथासूत्रात मालिकेने हे टाळले, ते आपण विद्यार्थ्यांना जरूर दाखवावे असे मी सुचवीन. थॅलिडोमाइड हे औषध ब्रिटनमध्ये १९५८ पासून विकले गेले, गर्भवतींना मळमळ आणि निद्रानाश यांवर दिले गेले, आणि हातापायांची वाढ न झालेली मुले जन्मू लागल्यावर १९६१ च्या अखेरीस बाजारातून काढून घेण्यात आले. मालिकेत ते औषध लिहून देणारा डॉक्टर खलनायक नाही. तो प्रेक्षकांचा सर्वांत लाडका, कष्टाळू, सहृदय डॉ. टर्नर आहे, आणि त्याने ते दयेपोटी लिहून दिलेले आहे. २०१६ च्या पाचव्या पर्वाच्या सुरुवातीला असे एक बाळ जन्मते, पण त्याचे कारण खोलीतल्या कोणालाच कळत नाही; प्रेक्षकाला ते आधीच ठाऊक असते. आजचे शहाणपण पात्रांच्या तोंडी घालण्याऐवजी ते प्रेक्षकाच्या मनात ठेवायचे आणि पात्रांना त्यांच्या काळाच्या अज्ञानातच राहू द्यायचे, ही पद्धत त्या पर्वात वापरली गेली. ते कुटुंब पुढच्या पर्वांतही पुन्हा दिसते, ते मूल मोठे होते, आणि डॉक्टरची टोचणीही संपत नाही. एवढा धीर मालिकेने वर्णभेदाच्या गोष्टीत दाखवला असता, तर आपली तक्रार निम्मी झाली असती.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलीसोबत बाळंतपणाची दृश्ये पाहावीत का? घरात सासूबाईंना ते रुचत नाही. (गृहिणी, बीड)

उत्तर : पाहावीत. रक्त आणि ओरडणे आहे, पण दृश्ये सभ्य आहेत आणि मुलीला आज ना उद्या हवी असलेली माहिती त्यांत आहे. सासूबाईंना आग्रह करू नये. त्यांनी जे प्रत्यक्ष सोसले ते करमणूक म्हणून पाहायला त्या नाही म्हणत असतील तर तो त्यांचा हक्क आहे.

प्रश्न : आपल्या मराठवाड्याच्या जित्या आठवणींवर अशी मालिका का होत नाही? निजामाचा काळ, मुक्तिसंग्राम, बहात्तरचा दुष्काळ, केवढे तरी आहे. आपल्याकडे ऐतिहासिक मालिका म्हटले की किल्ले आणि तलवारीच का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : थोर व्यक्तींच्या मालिका आपल्याकडे चांगल्या झाल्या आहेत हे आधी नोंदवू. रमाबाई रानडे यांच्यावरील ‘उंच माझा झोका’ने २०१२-१३ मध्ये एका घरातील शिक्षणाची लढाई घराघरांत नेली. परंतु तिथे नायिका इतिहासाने आधीच निवडलेली होती. सामान्य माणसांच्या जित्या आठवणींची मालिका करण्यात पहिली अडचण आहे ती मोजमापाची. पॉपलरची मालिका वर्षाला साधारण आठ भाग आणि नाताळचा विशेष भाग, एवढीच असते, आणि बीबीसीला त्यासाठी जाहिराती शोधाव्या लागत नाहीत, कारण तिचा खर्च मुख्यतः प्रेक्षकांच्या परवाना शुल्कातून निघतो. आपली दैनंदिन मालिका आठवड्याला सहा भाग मागते, म्हणजे वर्षाला तीनशेच्या घरात. या वेगात काळ पुढे सरकू शकत नाही. एक साखरपुडा महिनाभर चालतो, तिथे १९७२ संपून १९७३ कधी उजाडणार? दूरदर्शनने १९८६-८७ मध्ये फाळणीवरील ‘बुनियाद’ केली, तेव्हा पिढ्या पुढे सरकू शकल्या, याचे कारण तेव्हाचे गणित वेगळे होते.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. दुष्काळाची मालिका करता येईल. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी, मिलोची लाल भाकरी, कामावरच्या झाडाला बांधलेली झोळी, आणि ज्या कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली ती कामे, हे सांगणारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत आणि त्यांना विचारायला उशीर करू नये. पण १९४८ वर स्मरणरंजनाची मालिका कशी करणार? रझाकारांचे अत्याचार सहन केलेली गावे आहेत, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढलेली माणसे आहेत. त्याचबरोबर सप्टेंबरमधील पोलिस कारवाईनंतर तेव्हाच्या उस्मानाबाद आणि नांदेड जिल्ह्यांत मुस्लिम वस्त्यांवर जे ओढवले त्याचीही नोंद सरकारने पाहणीसाठी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने करून ठेवली आहे. दोन्ही आठवणी एकाच गल्लीत राहतात. त्यांतील एक गोड करून आणि दुसरी गाळून काढलेली मालिका लोकप्रिय होईल, यात मला शंका नाही, आणि म्हणूनच तिची मला फारशी घाई नाही. आधी दुष्काळाची होऊ द्यावी. तिच्यासाठी तलवार लागत नाही आणि किल्लाही लागत नाही. लेखकाने जालना-बीडकडच्या दहा-वीस गावांत बसून ऐकायला हवे, एवढेच.

प्रश्न : वेळ कमी आहे. सगळी पर्वे पाहणे शक्य नाही. काय पाहू? (बँक कर्मचारी, हिंगोली)

उत्तर : पहिल्या पर्वाचे सहाही भाग क्रमाने पाहावेत, ते मूळ आठवणींच्या सर्वांत जवळ आहेत. पंचविसाव्यांदा गरोदर असलेल्या कोंचिताची गोष्ट पहिल्याच भागात आहे आणि ती आवडली नाही तर पुढे जाऊच नये. त्यानंतर सरळ पाचवे पर्व घ्यावे. सातव्या पर्वात एका लाडक्या परिचारिकेचा मृत्यू आहे, तो आधीची ओळख असल्याशिवाय भिडणार नाही, म्हणून घाईत असाल तर वगळावा. नाताळचे विशेष भाग एखादा पाहिला तरी पुरे. पूर्व लंडनच्या बोलीत शब्दारंभीचा ‘ह’ गळतो, त्यामुळे चांगले इंग्रजी येणाऱ्यालाही पहिले दोन भाग कठीण जातात. उपशीर्षके सुरू ठेवावीत.